एर्लेनग्रुंडचा तो गोल

१

पेटीचं कुलूप जागच्या जागी होतं, म्हणून आसियाला आधी काही कळलंच नाही.

बुधवार होता. सकाळी फळीवरचं लसीचं कार्ड उचलून ती नऊ महिन्यांच्या इनायाला खुटबावच्या उपकेंद्रात घेऊन गेली होती. तासभर रांग, मग सुई, मग आभाळ फाटल्यासारखं रडणं. घरी येईपर्यंत पोर दमली आणि झोळीत टाकताच झोपली. आता हा एक तास आपला, असं म्हणून आसियानं दारामागच्या खिळ्यावरची किल्ली काढली आणि अब्बांची लोखंडी पेटी उघडली. वर गोधडी, गोधडीखाली अब्बांचा एकुलता एक कोट, कोटाखाली निळी रेक्झिनची पिशवी.

पिशवी नव्हती.

तिनं गोधडी झटकली, कोट उलटा केला, पेटी पार रिकामी करून तळाला हात फिरवला. शनिवारी हीच पिशवी तिनं मांडीवर घेतली होती. आत तीन कागद होते. अब्बांच्या फोटोचं आणि गोल शिक्क्याचं खेळाडूचं ओळखपत्र. एक रंगीत फोटो, त्यात दहा गोरे गडी आणि मधोमध सावळे, हडकुळे, हसणारे अब्बा. आणि जर्मन वर्तमानपत्राचं बोटभर कात्रण, त्याखालची बारीक तारीख मोबाइलवर मोठी केल्याशिवाय वाचता न येणारी. मोबाइलवर त्यांचे फोटो काढायला ती बसलीच होती, तेवढ्यात इनाया तापानं फणफणली. मग सगळंच घाईघाईनं त्या पिशवीत कोंबलं होतं. तीन कागद, धाकट्या भावाचं, नौशादचं आयटीआयचं सर्टिफिकेट, लेकीचं लसीचं कार्ड. फोटो उद्या काढू म्हणाली. तान्ह्या पोराच्या आईचा उद्या कधी उगवतो का?

येत्या रविवारपर्यंत ते कागद जर्मनीतल्या एका म्हातारीपुढं गेले नाहीत, तर अब्बांनी, म्हणजे रशीदनं, मारलेला गोल दुसऱ्याच्या नावावर छापून येणार होता. आणि तो दुसरा कोण, हे आठवलं की आसियाच्या दाताखाली खडा आल्यासारखं होई.

२

एर्लेनग्रुंड हे जर्मनीतलं डोंगराच्या कुशीतलं गाव. आपल्या मांडवगण फराट्याच्या निम्म्यानंही नाही. एकोणीसशे पंचवीस साली तिथल्या लाकूड कारखान्यातल्या कामगारांनी फुटबॉलचा क्लब काढला. सपाट जमीन शेतीला, म्हणून क्लबाला मिळाली ती उताराची. एका बाजूचा गोल दुसऱ्यापेक्षा पुरुषभर उंच. लढाईत अकरातले सात गडी परतले नाहीत. पुढं निर्वासित आले, त्यांच्यातून संघ उभा राहिला. क्लब कायम खालच्या लीगमध्ये, आपल्याकडच्या तालुका स्पर्धेसारख्या. कप असा कधी मिळाला नाही. पण क्लब मोडलाही नाही.

मोडायची वेळ आली शहाण्णव-सत्त्याण्णवच्या हंगामात. लाकूड कारखाना बंद पडला, तरणी पोरं शहरात गेली. सभासदांनी ठराव केला की यंदा खालच्या पायरीवर घसरलो, तर क्लब शेजारच्या गावाच्या क्लबात विलीन करायचा. शेजारचं गाव म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं वैरी. भीमेच्या अलीकडच्यांनी पलीकडच्यांच्या कारखान्याला ऊस घालावा, तसलं ते मरण.

त्याच वर्षी रांजणगावातल्या एका जर्मन कंपनीनं रशीदला ट्रेनिंगसाठी त्या भागात पाठवलं. दौंडच्या रेल्वे ग्राऊंडवर अनवाणी खेळून तयार झालेला गडी. अकरावा माणूस मिळत नव्हता, म्हणून त्याला घेतलं. हंगामाच्या एका सामन्यात त्यानं गोल मारला आणि क्लब वाचला.

रशीद परत आला तेव्हा आसिया चार महिन्यांची होती. पण कंपनीत त्याच्या आधी एक निनावी अर्ज पोचला होता, की हा गडी कंपनीच्या पैशानं तिकडं खेळत बसला, काम काही शिकला नाही. रशीदची नोकरी गेली. पुढच्या तुकडीत त्याच्या जागी त्याच खात्यातला विक्रम गेला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये गेला, ऑगस्टमध्ये आला आणि सुपरवायझर झाला. अर्ज कुणाचा, हे कुणाला सांगायची गरज उरली नाही.

रशीदनं खुटबावच्या फाट्यावर पंक्चरचं दुकान टाकलं. विक्रमची गाडी थांबली की विक्रम काच खाली करून म्हणायचा, “काय जर्मन, आज किती गोल?” पोरासोरांनी ते उचललं. अठ्ठावीस वर्षं गावानं त्याला जर्मन म्हणून हाक मारली आणि त्या हाकेत एकदाही मान नव्हता. गेल्या रमजानमध्ये तो वारला. खांदा द्यायला आलेल्यांतही कुणीतरी म्हणालं, जर्मन गेला.

आता क्लबाला शंभर वर्षं झाली होती. इतिहास लिहायचं काम हेल्गाबाईंकडं. वय एकोणऐंशी, आयुष्यभर गावची टपालं वाटलेली बाई. तिनं रांजणगावच्या कंपनीला पत्र धाडलं, ते भाषांतराला आलं आसियाकडं, कारण बाळंतपणाच्या रजेवर असली तरी कंपनीत जर्मन तिलाच येई. क्लबाचं घर मागं जळालं, त्यात त्या वर्षांची दप्तरं गेली, असं पत्रात होतं. आम्ही त्याला नुसतं ‘इंडर’ म्हणायचो, भारतीय. नाव कुणाला आठवत नाही. तारीख मी सांगणार नाही, ज्यानं गोल मारला त्यानंच ती मला सांगावी. त्याचं नाव पुस्तकात जाईल आणि नव्या मैदानाच्या फाटकावर कोरलं जाईल.

पत्राची नक्कल कंपनीच्या बोर्डावर लागली. दुसऱ्याच दिवशी, आता कंपनीला माणसं पुरवणारा ठेकेदार झालेला विक्रमआप्पा म्हणाला, तो गोल माझा.

ज्यानं अठ्ठावीस वर्षं त्या गोलाला थाप म्हटलं, त्यानंच.

३

रविवार ते बुधवार घरात कोण कोण आलं, ते आसियानं बोटावर मोजलं. रविवारी विक्रमआप्पा आणि त्याच्यासोबत सत्यजीत सर, दौंडच्या शाळेत खेळ शिकवणारे. आसिया त्या वेळी इनायाला घेऊन डॉक्टरकडं गेली होती. पाहुण्यांशी अम्मीच बोलली. बाकी घरचेच. अम्मी, म्हणजे बानू, आणि नौशाद.

नौशादपासून सुरुवात करायची तिला लाज वाटली. पण तो विक्रमआप्पाच्या ठेक्यावर कामाला होता आणि आप्पानं त्याला या महिन्यात पर्मनंट करायचा शब्द दिला होता.

तो शिफ्टवरून आला, तेव्हा तिनं ताट वाढलं आणि सरळ विचारलं. नौशादनं घास खाली ठेवला. म्हणाला, व्हय, मंगळवारी पेटी मीच उघडली. पर्मनंटच्या फॉर्मला सर्टिफिकेट लावायचं होतं.

“आन् पिशवी?”

“पिशवी न्हवतीच, आपा. सर्टिफिकेट कोटाच्या वर ठेवलेलं होतं. मला वाटलं तूच ठेवलंस.”

आसियाला ते पटलं नाही. चोर घाईत असतो. पिशवी उचलतो आणि जातो. तो दुसऱ्याचं सर्टिफिकेट वेगळं काढून कोटावर नीट ठेवत बसत नाही. म्हणजे एक तर भाऊ खोटं बोलतोय, नाहीतर हा चोर भलताच मायाळू आहे. ती त्याच्याकडं बघत राहिली. नौशादचे कान लाल झाले.

“माझ्याबी बापाचा गोल हाय तो,” तो म्हणाला, आणि अर्ध्या ताटावरून उठला.

४

गुरुवारी सकाळी ती दौंडला गेली. रेल्वे ग्राऊंडवर मांडवाचे खांब उभे राहत होते. रविवारी दुपारी चारला सत्कार. मोठ्या पडद्यावर हेल्गाबाई जर्मनीहून बोलणार. बॅनर आधीच लागला होता. त्यावर विक्रमआप्पा, हात जोडलेले, मागं तिरंगा आणि जर्मनीचा झेंडा.

सत्यजीत सर खांबापाशी उभे राहून मांडववाल्याशी हुज्जत घालत होते. माणूस वाईट नव्हता. रेल्वेचं ते ग्राऊंड हातचं जाईल म्हणून दहा वर्षं झगडत होता आणि जर्मनीचं नाव लागलं तर ग्राऊंड वाचेल, एवढाच त्याचा हिशेब होता.

आसियानं कागद गेल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. आम्ही बाहेर ओसरीवरच बसलो होतो, म्हणाले, आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. तुमच्या आईनं चहा दिला. आप्पांनी रशीदभाईंच्या आठवणी काढल्या, डोळे पुसले आणि उठलो.

“सर, तुम्हाला मनातून काय वाटतं? गोल कुणी मारला?”

सर खांबाला टेकले. “रशीदभाई उजव्या पायानं मारायचे ना, तेव्हा आम्ही पोरं गोलामागं उभी राहायला भ्यायचो. मला काय वाटतं ते सोडा ताई. कागद काय म्हणतो?”

“कागद चोरलाय.”

“मग आप्पांना विचारा. कागदाची चौकशी त्यांनीच केली होती, रविवारी. तुमच्या आईजवळ. मी त्या वेळी गाडीकडं गेलो होतो, विचारून आलो एवढं वाटेत तेच म्हणाले.”

५

भीमेवरचा पूल ओलांडून ती मांडवगणला पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. इनाया काखेत. विक्रमआप्पाचा बंगला दुमजली, समोर झोपाळा, झोपाळ्यावर आप्पा. त्यानं तिला बघितलं आणि आत आवाज दिला, पोरीला पाणी आणा, लेकराला दूध आणा. इतक्या प्रेमानं की आसियाचं ठरवून आणलेलं पहिलं वाक्यच राहून गेलं. डोळे भरून आले. तिचं हे जन्माचं होतं. राग आला की आधी रडू यायचं.

“अब्बांचे कागद द्या, आप्पा.”

विक्रमला राग आला नाही. तो गालातल्या गालात हसला. “मी कशाला घिऊ? तुझ्या आईनंच सांगितलं रविवारी. वाळवी लागली, सगळं खाल्लं म्हणली.”

शनिवारी ते कागद चांगले शाबूत होते. आसियाच्या मनात आलं, चोरी पचवायला हा अम्मीच्या तोंडी खोटं घालतोय. ती उठायला लागली.

“बस. आलीयस तर एक काम कर,” आप्पा म्हणाला. “त्या म्हातारीला माझी हकीकत पाठवायचीय. जर्मनमधी. पुण्याहून माणूस बोलवणार होतो. पण तूच लिही. रशीदच्या पोरीनं लिहिली म्हणल्यावर कुणाचं तोंड उघडायचं न्हाई. नौशादचं बी काम व्हऊन जाईल.”

तिला त्या झोपाळ्याची साखळी तोडावीशी वाटली. पण एक गोष्ट तिला कळत होती. आपण नाही लिहिलं तर पुण्याचा माणूस लिहील आणि यानं काय सांगितलं ते आपल्याला कधीच कळणार नाही. तिनं इनायाला मांडीवर आडवं घेतलं, वही काढली.

विक्रमनं डोळे मिटले आणि सांगायला लागला. उताराचं मैदान त्यानं बरोबर सांगितलं. क्लबाच्या घरामागचं अक्रोडाचं झाड सांगितलं, सामने रविवारी दुपारी व्हायचे तेही सांगितलं. तिथं राहून आलेला माणूस तो. कंपनीनं मला दोनदा पाठवलं, असं एक वाक्य मधेच सरकवलं. मग म्हणाला, “आता तारीख. सव्वीस जानेवारी सत्त्याण्णव. वार रविवार, कॅलेंडर बघून ठिवलंय. प्रजासत्ताक दिन. इकडं दौंडला आपल्या स्पर्धेची फायनल, आन् तिकडं मी. हिरवंगार गवत, कोवळं ऊन. शर्टाच्या आत तिरंगा. शेवटच्या मिनिटाला चढावरच्या गोलात बॉल घातला.”

आसियानं शब्दाला शब्द लिहिलं. एक कानामात्राही बदलली नाही. मग मराठीत वाचून दाखवलं आणि सही मागितली. आप्पानं झोकात सही केली.

पुलावर आल्यावर ती थांबली.  बापाचा खून झालेला नव्हता. तरी तिला वाटलं, आपण आत्ता पंचनाम्यावर खुन्याच्या बाजूनं सही करून आलोय.

६

शुक्रवारी दुपारी इनाया पाजता पाजता झोपली. हलली तर उठेल, म्हणून आसिया तशीच भिंतीला टेकून बसली आणि एका हातानं मोबाइलवर हेल्गाबाईंच्या इतिहासाची पानं सरकवायला लागली. भाषांतरासाठी चाळीस पानं आली होती, दहा वाचून झाली होती.

अकराव्या पानावर लढाई. सोळाव्यावर निर्वासित. एकोणिसाव्यावर हेल्गाबाईंनी स्वतःचं थोडं लिहिलं होतं. नवरा क्लबाचा चिटणीस, खेळाडूंच्या ओळखपत्रांवर सही त्याची. ती स्वतः मात्र सामन्याच्या वेळी क्लबाच्या स्वयंपाकघरात. शंभर वर्षांतला सगळ्यात मोठा गोल झाला तेव्हा मी कांदे परतत होते, तिनं लिहिलं होतं. मी फक्त ओरडा ऐकला.

एकविसाव्या पानावर हिवाळा होता.

डिसेंबर लागला की गोलाच्या जाळ्या उतरवायच्या आणि आमच्या माळ्यावर ठेवायच्या. मार्चपर्यंत त्या तिथंच. मैदान गुडघाभर बर्फाखाली. उतारावरून गावची पोरं लाकडी घसरगाड्या सोडतात. आमच्या तालुक्यात कुणीच त्या महिन्यांत खेळत नाही, लीगच बंद असते.

आसियानं ते वाक्य तीनदा वाचलं. ती ताठ बसली, छातीशी इनाया चुळबुळली.

विक्रम जर्मनीत राहिला एप्रिल ते ऑगस्ट. हिवाळा त्यानं बघितलाच नव्हता. त्याच्या डोक्यातला फुटबॉल दौंडचा, आणि दौंडचा फुटबॉल थंडीतच रंगतो. मैदान टणक, हवा गार, सव्वीस जानेवारीची फायनल. दौंडच्या माणसाला जानेवारीत गोल मारावासा वाटणारच. वारही त्यानं तपासला होता. तपासायचं राहिलं ते फक्त आभाळ.

ती हसली. पण हसू अर्ध्यावरच थांबलं. विक्रम खोटा ठरला म्हणून अब्बा खरे कुठं ठरतात? कागदाविना हेल्गाबाई लिहिणार, कुणी एक अनोळखी भारतीय. फाटकावर नावच नसणार. ते तर आहेच की आजही.

तिनं डोकं भिंतीला टेकलं. समोर फळी होती आणि फळीवर इनायाचं लसीचं कार्ड. बुधवारी परत आल्यावर तिनंच ते तिथं ठेवलं होतं. जिथून उचललं, तिथंच.

उचललं होतं फळीवरून. पण शनिवारी ते गेलं होतं निळ्या पिशवीत.

पिशवी नेणाऱ्यानं कार्ड काढून ठेवलं होतं. बुधवारी पोरीची लस आहे, हे त्याला ठाऊक होतं. नौशादचा फॉर्म ठाऊक होता. आणि विक्रमनं मांडवगणच्या झोपाळ्यावर बसून चक्क खरं सांगितलं होतं, अम्मी वाळवी म्हणाली ते.

७

बानू मागच्या दारी मेथी निवडत बसली होती. आसिया समोर जाऊन बसली. एक जुडी ओढून घेतली आणि दोन काड्या खुडल्यावर म्हणाली, “अम्मी, वाळवीनं कार्ड बरं सोडलं.”

बानूचा हात थांबला नाही. “लस चुकली असती म्हंजी?”

मग ती उठली. ज्वारीच्या कोठीचं झाकण काढलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि निळी पिशवी वर काढली. पदरानं पुसली, लेकीच्या मांडीवर ठेवली. तिन्ही कागद होते.

 तीन दिवस आसिया भावावर संशय घेत फिरली होती. शत्रूच्या दारात रडली होती. त्याची थाप स्वतःच्या हातानं लिहून आली होती. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं, मोठ्यानं नाही, पोर झोपली होती म्हणून. बानूनं सगळं ऐकून घेतलं.

“रविवारी आला व्हता त्यो,” ती म्हणाली. “डोळं पुसलं. मग सर गाडीकडं गेल्यावर हळूच इचारलं, वैनी, रशीदचं काय कागद-बिगद हायेत का? हायेत म्हणलं असतं, तर काय केलं असतं त्यानं? हात जोडलं असतं. गैरसमज झाला म्हणला असता, आन् त्याच मांडवात तुझ्या बापाला हार घालून टाळ्या घेतल्या असत्या. मला त्यो मागं सरायला नको व्हता. म्होरं यायला पायजे व्हता.”

“मला सांगायचं तरी.”

“तुझ्या तोंडावर समदं दिसतं. तू खरीखुरी रडलीस, म्हणून त्यानं खरंखुरं खोटं सांगितलं.”

तो चूक करेल, हे तुला कसं ठाऊक, आसियानं विचारलं. बानूनं मेथीची जुडी पुन्हा जवळ ओढली. कुठं पडंल ते ठाऊक न्हवतं, म्हणाली. पडंल एवढं ठाऊक व्हतं. तुझे अब्बा तिथं दहा महिने व्हते. प्रत्येक पत्रात लिहायचे, इथं हे असं न्हाई, इथं ते तसं न्हाई. न बघितलेलं सांगायला गेलं की माणूस आपल्याच गावचं सांगतो.

मग तिनं लेकीला एकच गोष्ट बजावली. कागद आधी धाडायचे नाहीत. आधी त्याची सही पोचू दे.

८

रविवारी चार वाजता रेल्वे ग्राऊंड भरलं. जुने खेळाडू पुढच्या खुर्च्यांवर, रांजणगावची पोरं कंपनीच्या बसमधून, मांडवगणची माणसं जीपमधून. विक्रमआप्पा फेटा बांधून स्टेजवर. बाजूला माइक घेऊन आसिया, भाषांतराला. बानू बायकांत बसली होती, मांडीवर इनाया.

पडद्यावर हेल्गाबाई आल्या. पांढरे आखूड केस, गळ्यात क्लबाचा हिरवा मफलर. मागं दहा-बारा म्हातारे. विक्रमची हकीकत आपण काळजीपूर्वक वाचली, त्या म्हणाल्या. एकच प्रश्न आहे. आसियानं तो जसाच्या तसा माइकवरून सांगितला.

“त्या विचारतात, त्या दिवशी मैदानातला बर्फ कुणी काढला?”

विक्रम हसला. “बर्फ कसला? लख्ख ऊन हुतं. गवत हुतं हिरवंगार.”

आसियानं तेही जसंच्या तसं सांगितलं. पडद्यावरचे म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले. हेल्गाबाई हसल्या नाहीत. त्या बोलल्या आणि आसियाला त्यांचं वाक्य मराठीत आणायला क्षणभरही लागला नाही. दोन दिवस ती त्याच वाक्याची वाट बघत होती.

“त्या म्हणतात, जानेवारीत त्यांच्याकडं कधीच लीगचा सामना होत नाही. गोलाच्या जाळ्यासुद्धा माळ्यावर असतात. तो गोल हंगामाच्या शेवटच्या सामन्यातला. तारीख एक जून. हे गृहस्थ त्या दिवशी तिथं नव्हते.”

पुढच्या खुर्च्यांवरच्या जुन्या खेळाडूंत कुजबुज झाली. एक जण उठला आणि खुर्ची उलटी फिरवून, स्टेजकडं पाठ करून बसला. मग दुसरा. कुणी आरडाओरडा केला नाही. नुसत्या खुर्च्या फिरत गेल्या. विक्रमनं सत्यजीत सरांकडं बघितलं. सर माइकची वायर गुंडाळायला लागले.

बानू उठली. इनायाला शेजारणीकडं दिलं, स्टेजच्या पायऱ्या चढली आणि पिशवीतला एकेक कागद कॅमेऱ्यापुढं धरला. ओळखपत्र धरलं तेव्हा हेल्गाबाई खुर्चीतून पुढं सरकल्या. छापील नाव त्यांनी वाचलंच नाही आधी. त्यांचं बोट पडद्यावर कुठंतरी खाली गेलं, सहीपाशी. “माझ्या नवऱ्याची,” त्या म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कात्रण त्यांनी जवळ धरायला सांगितलं आणि खालची तारीख मोठ्यानं वाचली. दोन जून. सामन्याचा दुसरा दिवस. मग त्यांनी त्यांच्या जिभेला जमेल तसं, सावकाश, नाव वाचलं. मागचे म्हातारे उभे राहिले.

अठ्ठावीस वर्षांत रशीदचं पूर्ण नाव या ग्राऊंडवर पहिल्यांदा कुणी घेतलं होतं, आणि तेही दोन हजार कोसांवरून.

उतरताना विक्रमनं बानूला पायऱ्यांशी गाठलं. फेटा हातात होता. “वैनी, कागद हुते तर तवाच का न्हाई सांगितलं? मी माघार घेतली असती.”

“त्येच नको व्हतं,” बानू म्हणाली. “तुम्ही इचारलंत, कागद हायेत का. गोल कुणी मारला, हे न्हाई इचारलंत.”

९

सोमवारी सकाळी नौशाद फाट्यावर जाऊन उभा राहिला. कंपनीची बस थांबली. यादी असलेल्या माणसानं मान हलवली. नाव कमी केलंय म्हणाला, का ते आप्पांना विचार. नौशाद चालत घरी आला आणि डबा तसाच चुलीपाशी ठेवला. आसियानं त्याची माफी मागितली, संशयाची. तो म्हणाला, राहू दे आपा. बानूनं डब्यातली भाकरी काढून ताटात वाढली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

दुपारी मोबाइलवर हेल्गाबाईंचं पत्र आलं. छपाई थांबवलीय. एक पान राखून ठेवलंय. रशीदबद्दल तुम्हीच लिहा, आम्ही एकही शब्द कापणार नाही.

इनाया झोपल्यावर आसिया लिहायला बसली. बानू शेजारी बसून सांगत होती. जन्म कुठला, पाय कसा, पोरगी झाल्याची तार मिळाली त्या दिवशी बर्फात एकटाच कसा नाचला. आसिया लिहीत गेली, पुसत गेली, पुन्हा लिहीत गेली. पान भरत आलं. तिनं शेवटी अब्बांचं नाव पुन्हा एकदा लिहिलं आणि म्हणाली, झालं.

“विक्रमचं न्हाई घातलंस.”

आसियानं वर बघितलं. “त्याचं कशाला? पान अब्बांचं आहे.”

“ह्ये पुस्तक किती वरसं राहील?”

“शंभर. जास्तच.”

“मग घाल. गोल कुणी मारला त्येबी, आन् त्यो माझा म्हणून कोण आला व्हता त्येबी. त्याला आपलं नाव त्या पुस्तकात पायजेच व्हतं की.”

आसियानं कागद पुन्हा जवळ ओढला. कालपर्यंत तिला फक्त बापाचं नाव हवं होतं. त्याच्याखाली दुसऱ्या कुणाची बदनामी नको होती. पलीकडं नौशाद भिंतीकडं तोंड करून पडला होता, झोपलेला नव्हता.

तिनं पेन उचललं. विक्रमचं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, आडनाव लिहिलं. मग गाव, तालुका, जिल्हाही लिहिला. शंभर वर्षांनी कुणी वाचलंच, तर दुसऱ्या कुणा विक्रमवर आळ येऊ नये म्हणून.